व्हाया बदलापूर

अंबरनाथचा माणूस सकाळी मुंबईला जायला निघतो, तेव्हा तो आधी मुंबईकडे पाठ करतो आणि बदलापूरला जातो. बदलापूरला त्याचं कोणी नसतं. नोकरी नाही, मावशी नाही, कोर्टकचेरीचं काम नाही. बदलापूर गाव त्याने धड पाहिलेलंही नसतं, कारण तो तिथे उतरतच नाही. मुंबईहून आलेली लोकल बदलापूरच्या फलाटाला लागते, मोटरमन एका टोकाच्या केबिनमधून उतरतो आणि तीच गाडी उलट्या अंगाने सीएसएमटीला निघायला सज्ज होते. तेवढ्या वेळात फलाटावरचं अर्धं बदलापूर दारांवर तुटून पडतं. अंबरनाथकर मात्र खिडकीशी डोळे मिटून बसलेला असतो. चेहरा असा, की डबा बांधतानाच त्याला आत बसवून वरून पत्रा ठोकला असावा.

याला रिटर्न येणं म्हणतात. प्रस्तुत लेखक अंबरनाथला राहतो आणि रिटर्न येतो, त्यामुळे या विषयावर त्याची मतं निःपक्षपाती नाहीत, हे वाचकांनी आधीच लक्षात घ्यावं.

हिशेब सरळ आहे. अंबरनाथ ते सीएसएमटी सुमारे ६० किलोमीटर. फास्ट गाडी पकडली तरी सव्वा तासाच्या वर. त्यातही कल्याणपर्यंत ती फक्त नावाला फास्ट. उल्हासनगर, विठ्ठलवाडी असं प्रत्येक स्टेशन घेत जाते, आणि कल्याण सोडल्यावर तिला आठवतं की आपण फास्ट आहोत. एवढा वेळ एका पायावर उभं राहायचं (दुसरा पाय ठेवायला जागा मिळाली तर तो बहुधा दुसऱ्याच कुणाच्या तरी बुटावर असतो), की आठ किलोमीटर उलटं जाऊन बसून यायचं? सुज्ञ माणूस उलटा जातो.

गोम अशी, की सुज्ञ माणसं फार झाली आहेत. बदलापूरकरांच्या गावातून सुटणारी गाडी त्यांच्या गावात भरूनच येते. मग पहाटेच्या अंधारात संवाद झडतात.

"कुठून बसलात?"

"अंबरनाथ."

"ही बदलापूर गाडी आहे."

"मग मी बदलापूरलाच आलोय की!"

याला उत्तर नाही. बदलापूरकर तरी काय करणार? तो खाली वांगणीकडे सरकतो. काही निश्चयी लोक तर मुंबईहून येणारी कर्जत गाडी पकडून थेट कर्जत गाठतात आणि तिथून बसून येतात. म्हणजे मुंबईच्या दिशेने ६८ किलोमीटर जायचं म्हणून आधी ३२ किलोमीटर विरुद्ध दिशेला. अंबरनाथकरांनी बदलापूरकरांना हे दिवस दाखवले म्हणावं, तर अंबरनाथकरही पीडितच. कारण अंबरनाथहून सुटणारी अंबरनाथ लोकल उल्हासनगर आणि विठ्ठलवाडीची मंडळी उलटी येऊन आधीच व्यापून बसलेली असतात. तिकडे डोंबिवलीकर कल्याणला जाऊन येतात. मध्य रेल्वेवर सकाळी सहा ते नऊ या वेळात जो तो आपल्या घरापासून एकेक स्टेशन मागे सरकलेला असतो. कर्जतच्या पुढे बोरघाट आहे म्हणून बरं, नाहीतर हे लोण पुण्यापर्यंत गेलं असतं आणि पुणेकरांनी ते कसं परतवलं असतं याची कल्पना करवत नाही.

कायद्याच्या बाजूने यात एक बारीक अडचण आहे. पास जिथपर्यंतचा, तिथपर्यंतच प्रवास. रिटर्न यायचं तर पास बदलापूरपासूनचा हवा. बरेच जण तसा काढतात. चार पैसे जास्त जातात, पण बूड टेकतं. जे काढत नाहीत त्यांना अधूनमधून बदलापूरच्या फलाटावर टीसी भेटतो.

"पास अंबरनाथचा आहे."

"मी अंबरनाथचाच आहे."

"हे बदलापूर आहे."

"डोळा लागला हो."

"सकाळी सात वाजता?"

"रोज लागतो."

टीसी शांतपणे पावतीपुस्तक काढतो. त्याचाही कोणी भाऊ रिटर्न येत असणार, पण पावती ती पावती.

लेखकाच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. फोर्टातल्या सरकारी कचेरीत सगळी नोकरी काढून ते निवृत्त झाले, पण गाडीच्या बाबतीत सोसायटीत त्यांचा शब्द अजून अखेरचा आहे. नवीन नोकरी लागलेल्या पोराला घरच्यांच्या पाया पडून झालं की काकांकडे पाठवतात. काका त्याला समोर बसवून शिकवण देतात. बॅग पाठीवर नाही, पोटाशी. छत्री उभी धरायची, आडवी नाही. डावीकडची तिसरी खिडकी हवेची. दरवाज्यात उभं राहणाऱ्यांशी वाद घालायचा नाही, ते तिथलेच रहिवासी आहेत. पोरगा वहीत उतरवून घेतो.

"आणि काका, गाडी थांबल्यावर चढायचं ना?"

"गाडी थांबल्यावर पाहुणे चढतात," काका म्हणतात. "पण तू थांबल्यावरच चढ. तुझ्या आईने तुला माझ्याकडे पाठवलंय, मला तिला तोंड दाखवायचंय."

आत शिरल्यावरचं राज्य वेगळं. बाकडं तिघांचं, पण सेकंड क्लासमध्ये त्यावर चौघांचा हक्क असतो. कुठल्या नियमात ते लिहिलेलं नाही. तरीही "जरा सरकून घ्या" म्हटल्यावर खिडकीशेजारचा कोट्यधीश असला तरी सरकतो. चौथ्याला जे मिळतं त्याला जागा म्हणणं धाडसाचं आहे. त्याच्या शरीराचा डावा अर्धा भाग बसलेला असतो आणि उजवा अर्धा भाग पॅसेजमध्ये उभ्या प्रवाशाप्रमाणे कष्ट भोगत असतो. उजव्या पायाची मांडी सतत ताठ ठेवावी लागते, नाहीतर गाडीने ब्रेक मारला की माणूस जमिनीवर. हा व्यायाम महिनाभर केला की उजवी मांडी पैलवानाची आणि डावी कारकुनाची होते. तरी चौथी सीट मिळालेला माणूस घरी फोन करून "बसलोय" असंच सांगतो.

उभ्याने आत गेलेला माणूस प्रथम बाकड्याबाकड्यावरून चौकशी करत फिरतो.

"कुठे?"

"ठाणा."

"मागे कोणी?"

"हे निळा शर्ट."

"निळ्या शर्टच्या मागे?"

"निळा शर्ट दादर उतरणार. म्हणजे दादरनंतर तुमचीच."

दादरनंतर बसून मिळणारं सुख किती ते सांगायला नको. तरी सौदा होतो. ठाण्याची जागा ठाण्याला दिली जाणार, यावर लाखोंचा रोजचा व्यवहार चालतो, कागद नाही, सही नाही. क्वचित कोणी दगा देतो.

"अहो, ठाणा आलं."

"आज घाटकोपरला काम निघालंय."

"कधी निघालं?"

"आत्ता. कळवा सोडताना."

अशा माणसाशी नंतर डब्यात कोणी बोलत नाही. उलट असेही ग्रुप आहेत की जे अर्ध्या वाटेवर स्वतःहून उठतात आणि उभ्या भिडूला बसवतात. कुर्ल्यापर्यंत तू, पुढे मी. भावाभावांत बांधाच्या वाटण्या इतक्या सुखासुखी झाल्या असत्या तर दिवाणी न्यायालयांना कुलूप लागलं असतं.

महिलांच्या डब्यात हीच पद्धत जास्त काटेकोर आहे, असं लेखकाच्या सौभाग्यवती सांगतात. त्या ठाण्याला नोकरीला जातात. तिथे जागेची प्रतीक्षायादी पाचव्या नंबरापर्यंत तोंडपाठ असते. संध्याकाळी त्याच डब्यात मटार सोलले जातात, मेथी निवडली जाते, कानातली विकणारी पोरगी हँगरवर दीडशे जोड टांगून गर्दीतून अशी जाते की एक जोड पडत नाही. डोहाळजेवणं होतात, हळदीकुंकू होतं. पश्चिम रेल्वेने १९९२ साली चर्चगेट-बोरिवली मार्गावर पहिली लेडीज स्पेशल सोडली, त्याचं कारण गर्दी हे होतं असं म्हणतात. सौभाग्यवतींच्या मते एका डब्यात हळदीकुंकू मावत नव्हतं. भांडणंही होतात. "ती भांडणं पुरुषांच्या डब्यापर्यंत ऐकू येतात," असं लेखक एकदा म्हणाला. "ऐकू येतात, कारण तुम्ही पेपर खाली ठेवून ऐकता," असं उत्तर मिळालं.

गर्दी म्हणजे नक्की किती, हे रेल्वेच्या कागदांत नोंदलेलं आहे. तिथे 'सुपर डेन्स क्रश लोड' अशी एक अवस्था सांगितली जाते: उभं राहायच्या जागेत एका चौरस मीटरला १४ ते १६ माणसं. चौरस मीटर म्हणजे घरातल्या कॅरमबोर्डाहून जेमतेम मोठी जागा. त्यावर पंधरा जण उभे, प्रत्येकाची बॅग, एकाच्या हातात लग्नाचा आहेर, आणि मध्ये कोणीतरी "आत चला, आत बरीच जागा आहे" म्हणून ओरडणारा. या परिस्थितीत ज्याचे हात वर राहिले त्याचे दादरपर्यंत वर, ज्याचे खाली त्याचे खाली. नाकाला खाज सुटली तर शेजाऱ्याला विनंती करणं एवढाच उपाय उरतो. ती सहसा मान्य होते.

बॅगांचं तर वेगळंच आहे. पोटाशी धरलेली बॅग कल्याणनंतर धरवत नाही, म्हणून "जरा वर ठेवा" म्हणत ती पुढच्याच्या हाती द्यायची, पुढचा त्याच्या पुढच्याकडे, आणि ती हातोहात कुठल्या तरी फळीवर पोहोचते. मुलुंड गेल्यावर ती परत मागवायची.

"निळी बॅग."

"कुठली निळी? इथे सहा आहेत."

"चेन तुटलेली."

"चार आहेत."

"बाजूला विमा कंपनीचं नाव."

"सगळ्यांवर आहे."

प्रस्तुत लेखकाच्या हाती अशाच एका सकाळी दुसऱ्याच कुणाची तरी बॅग आली. दुपारी डबा उघडल्यावर त्यात कारल्याची भाजी निघाली. ती घरच्यापेक्षा चांगली होती, ही गोष्ट घरी अजून कळलेली नाही. संध्याकाळी त्याच गाडीच्या त्याच डब्यात आपापल्या बॅगा परत मिळाल्या. तो गृहस्थ फक्त एवढंच म्हणाला, "तुमच्याकडे उसळीत गूळ घालतात वाटतं."

या मार्गावर सगळे प्रवासी बसून गेल्याची एक पक्की नोंद इतिहासात आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, वर एकवीस तोफांची सलामी. भागाकार केला तर डब्याला तीसही माणसं येत नाहीत. काकांचं यावर म्हणणं असं, की गाडी पहिलीच होती, ठाण्याहून कोणी रिटर्न येऊन बसलेलं असणं शक्य नव्हतं, म्हणून हे जमलं. दुसऱ्या गाडीपासून सुरू झालं असणार.

मागे जाऊन पुढे येण्याची ही विद्या रेल्वेनेही कळत-नकळत प्रवाशांच्या गळी उतरवली आहे. मोबाइलवर तिकीट काढायची सोय आली, तेव्हा अट अशी होती की रुळांच्या फार जवळ उभं राहून तिकीट निघणार नाही. हेतू चांगला होता; टीसी दिसल्यावर फुकट्याने खिशातून फोन काढून तिकीट काढू नये. परिणाम असा झाला, की स्टेशनवर धापा टाकत आलेल्या माणसाला तिकिटासाठी स्टेशनपासून लांब जावं लागे. सुभाष रोडच्या, स्टेशन रोडच्या कोपऱ्यांवर माणसं फोन आकाशाकडे धरून मागे मागे चालताना दिसत.

"निघालं का?"

"नाही, अजून मागे जा म्हणतंय."

"वडापावच्या गाडीपर्यंत या. तिथे निघतं."

वडापाववाल्याचा धंदा त्या काळात वाढला असावा. तिकीट निघायचं तेव्हा गाडीही निघालेली असायची.

कळव्याचे लोक याहून पुढचे, म्हणजे मागचे. सकाळी ठाण्याकडे येणाऱ्या गाड्या कळव्याला येईपर्यंत इतक्या भरतात की दारातल्या माणसाला ढकलायलाही जागा शोधावी लागते. म्हणून तिथले प्रवासी स्टेशन सोडून शेजारच्या कारशेडकडे जायचे आणि तिथून ठाण्याला निघणाऱ्या रिकाम्या गाडीत चढायचे. गाडीची झोप पुरती उडायच्या आत माणसं आत. २०२२ च्या ऑगस्टमध्ये साध्या गाडीच्या जागी एसी लोकल आली आणि पंचाईत झाली. एसी लोकलचे दरवाजे आपोआप बंद होतात, आणि बंद दारातून आत शिरण्याचं तंत्र अजून कळव्यालाही सापडलेलं नाही. आंदोलन झालं. बदलापूरलाही झालं. अखेर मध्य रेल्वेने वाढवलेल्या एसी फेऱ्या मागे घेतल्या.

एसी लोकलने खरा अन्याय दरवाज्यातल्या रहिवाशांवर केला, असं लेखकाचं स्वतंत्र मत आहे. पश्चिम रेल्वेवर २५ डिसेंबर २०१७ ला पहिली एसी लोकल धावली, त्या दिवशी नाताळ होता. दारात लोंबकळणाऱ्यांना ती भेट वाटली नसणार. वर्षानुवर्षं वारा खात, केस उडवत, खांबाला टेकून जगाकडे तिरक्या नजरेने पाहणारा माणूस आत आला, की त्याला बघवत नाही. त्याला गारठा सोसत नाही. तो तीनदा शिंकतो आणि शेजाऱ्याला विचारतो, "हे बंद कुठून करतात?"

पाहुण्यांची तर आणखी तऱ्हा. सातारचे एक मामा कामासाठी फोर्टात आले होते आणि संध्याकाळी अंबरनाथला मुक्कामी यायचे होते. काकांनी त्यांना फोनवर सविस्तर सांगितलं: कुठलीही कर्जत गाडी चालेल, इंडिकेटरवर कर्जतचं अक्षर एस. कर्जतला एस आणि कसाऱ्याला एन, हे मध्य रेल्वेवर वाढलेल्या मुलाला अ आ इ ईच्या आधी येतं. मामांनी इंडिकेटर पाहिला, एस दिसला, बसले. काकांच्या दृष्टीने एवढी साधी गोष्ट सांगायची राहिली होती, की स्लो गाडीचंही अक्षर एसच. तो ठाणे स्लोचा एस होता. मशीद, सँडहर्स्ट रोड, भायखळा, चिंचपोकळी, करी रोड, परळ... मामा प्रत्येक स्टेशनावर फोन करत होते.

"पोरा, तुझा एस फार थांबतोय रे."

"मामा, एफ पण होता का बाजूला?"

"एफ? तुझे काका म्हणाले एस बघा. मी एसवर बसलोय. आता करी रोड आलं. हे कर्जतकडंचं का?"

ठाण्याला गाडी संपली. मामा उतरले, गाडी पुन्हा सीएसएमटीला निघाली आहे असं पाहून पुन्हा बसले, कारण त्यांना बसायला जागा मिळाली. नंतर रात्री जेवताना ते फक्त एवढंच म्हणाले, की साताऱ्याहून स्वारगेटला इतका वेळ लागत नाही.

दादरचा गोंधळ त्या मानाने मिटला. पूर्वी दादरला पश्चिम रेल्वेचा एक नंबर वेगळा आणि मध्य रेल्वेचा एक नंबर वेगळा होता, त्यामुळे "दादरला एक नंबरला भेट" असं ठरवून दोन माणसं पुलाच्या दोन बाजूंना एकमेकांवर रागावून उभी राहत. डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ असे क्रमांक दिले. आता भांडायला दुसरं कारण शोधावं लागतं. ते घाटकोपरला सापडतं. २०१४ साली मेट्रो सुरू झाल्यापासून घाटकोपरला उतरणाऱ्यांचा लोंढा असा आहे, की पुढे जायचं असलेला माणूस दाराच्या जवळपास असेल तर तोही उतरवला जातो. फलाटावर उभं राहून तो ओरडतो, "मला दादर, मला दादर!" आणि आतून कोणी सहानुभूतीने म्हणतं, "मागून येतेय दुसरी."

मागून येतेय, हे कळायला हल्ली फोन आहे. एम-इंडिकेटरवर गाडी कुठे पोहोचली याची चर्चा चालते. "आठ सतरा कुठे?" "वांगणी सोडलं." "खोटं, मी वांगणीत उभा आहे." "मग तुमचं घड्याळ पुढे आहे." पूर्वी हाच संवाद फलाटावर अनोळखी माणसांत व्हायचा आणि त्यातून सोयरिकी जमायच्या, असं काका सांगतात. गाडी उशिरा का, याचं कारण मात्र ऋतुमानानुसार बदलतं. पावसाळ्यात कुर्ला-शीव दरम्यान पाणी, थंडीत रुळाला तडा, एरवी सिग्नल, ओव्हरहेड वायर, बंद पडलेली मालगाडी, आणि काहीच नसेल तर तांत्रिक कारण. रविवारी कारण लागत नाही, मेगाब्लॉक असतो. अकरा वाजून पाच मिनिटं ते तीन वाजून पंचावन्न मिनिटं ही वेळ मध्य रेल्वेवरच्या घरांत शुभ मुहूर्तासारखी पाठ असते आणि दादरचे नातेवाईक याच वेळात बारशी ठेवतात.

२०२३ साली मध्य रेल्वेने मुंबईतल्या अनेक कार्यालयांना विनंतीपत्रं पाठवली, की कामाच्या वेळा बदला, म्हणजे गर्दी पांगेल. रेल्वेने आपल्या मुख्यालयातही दोन वेळा करून दाखवल्या. लेखकाच्या कचेरीत या पत्रावर बैठक झाली. सर्वानुमते ठरलं, की बाकीच्यांनी लवकर यावं.

संध्याकाळी पुन्हा तोच उलटा खेळ. मशीद बंदरचा कारकून आधी सीएसएमटीला जातो, मग घरी. दसऱ्याच्या आदल्या कामाच्या दिवशी मात्र सगळे वेळेआधी येतात. ज्या डब्याला वर्षभर शिव्या मोजल्या त्याला झेंडूची तोरणं, खिडक्यांना केळीचे खांब, दाराशी रांगोळी (ती कल्याणपर्यंत टिकत नाही), मोटरमनला पेढे. आरती जोरात होते. त्या दिवशी चौथी सीट मागितली तर लोक तिसरीही देतात.

अलीकडे लेखक, सौभाग्यवती आणि सल्लागार म्हणून काका असे नेरळला फ्लॅट बघायला गेले होते. मागून माथेरानचा डोंगर, पुढे भातखाचरं, जाहिरातीत 'स्टेशनपासून पाच मिनिटं'. सेल्समन तरुण होता. त्याने पाण्याचं सांगितलं, लिफ्टचं सांगितलं, क्लब हाउसचं सांगितलं. काका शांतपणे ऐकत होते.

"सकाळी खिडकी मिळते का?"

"प्रत्येक खोलीला दोन खिडक्या आहेत सर."

"गाडीत."

सेल्समन प्रामाणिक निघाला. "खिडकीचं नाही सांगता येणार. तिसरी सीट मिळते. चौथी तर शंभर टक्के."

काकांनी सौभाग्यवतींकडे पाहिलं. सौभाग्यवतींनी नाकारार्थी मान हलवली. त्यांना ठाण्याला उतरायचं, एवढ्यासाठी चौथ्या सीटवर घर घेणं त्यांना पटेना.

"पुढचं स्टेशन भिवपुरी ना?" काकांनी विचारलं. "तिथे तुमची साइट आहे?"

"भिवपुरीला नाही सर, कर्जतला आहे. स्टेशनपासून पाच मिनिटं."

"उत्तम. कर्जतहून गाडी रिकामी सुटते. खिडकी नक्की."

"सुटायची सर," सेल्समन म्हणाला. "पण हल्ली कर्जतची मंडळी खोपोलीला जाऊन बसून येतात."